वर्ग-वारसा

वर्ग-वारसा : संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या वस्तुलक्षी पद्धतीत एका वर्गातील माहितीची रचना व कृती दुसऱ्या वर्गाने जशाच्या तशा घेण्याची आणि त्यांत आवश्यक तेवढी भर किंवा बदल करण्याची जी सोय असते, तीस वर्ग-वारसा किंवा नुसते वारसा असे म्हणतात. संगणक-व्यवसायात ‘इनहेरिटन्स’ हा इंग्रजी शब्दही याच अर्थी सर्रास वापरला जातो. ज्या वर्गाकडून घेतले जाते तो जनक वर्ग व जो घेतो तो उपवर्ग होय. उदा., बँकेच्या आज्ञावलीत ‘खाते’ हा वर्ग आधी लिहिलेला असल्यास ‘बचत खाते’ हा उपवर्ग लिहिताना खातेदाराचे नाव, शिल्लक, भरणा इ. गोष्टी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. व्याजाच्या आकारणीसारखा वेगळा भाग तेवढा लिहिला की काम भागते.

हे वर्णन बरोबर असले, तरी अपुरे आहे. पुनर्लेखनाचे श्रम वाचणे हा वारशाचा डोळ्यांना दिसणारा लाभ आहे. तथापि मिळकतीच्या वारसाला ज्याप्रमाणे मिळकतीबरोबर तिच्यावरील बोजाही स्वीकारावा लागतो, त्याप्रमाणे उपवर्ग हा जनकाच्या गुणांबरोबरच जनकाने इतरांना दिलेल्या हमीचाही वारसदार होतो. ही दुसरी बाजू दुर्लक्षिल्यास दिसण्यात व्यवस्थित असलेली आज्ञावली चालताना चुकीची उत्तरे देऊ लागते. वारशाची कल्पना १९६७ मध्ये मांडली गेली; तिच्यातील हमीचा अंश नेमक्या शब्दांत मांडला जाण्यास मात्र आणखी वीस वर्षे लागली.

मूलभूत संज्ञा : वस्तुलक्षी पद्धतीत आज्ञावली ही परस्परांना कामे सांगणाऱ्या अनेक वस्तूंची मिळून बनलेली असते. प्रत्येक वस्तूजवळ स्वतःची काही माहिती असते व त्या माहितीवर चालणाऱ्या काही कृती असतात. एकाच घडणीच्या सर्व वस्तूंचे सामाईक वर्णन म्हणजे वर्ग. ‘खाते’ हा वर्ग असून एखाद्या विशिष्ट खातेदाराचे विशिष्ट क्रमांकाचे खाते ही त्या वर्गाची वस्तू होय. साचा आणि त्यातून काढलेली मूर्ती यांच्यात जे नाते असते, तेच स्थूलमानाने वर्ग व वस्तू यांच्यात असते. वारशाचे नाते मात्र दोन वर्गांमधील, म्हणजे दोन साच्यांमधील आहे; दोन वस्तूंमधील नव्हे.

‘वारसा’ या शब्दाने मनात येणाऱ्या दोन्ही परिचित कल्पना येथे पुरत्या लागू पडत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने वारसा पूर्वाधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर मिळतो व वारस अनेक असल्यास वाटला जातो. वर्गांच्या बाबतीत जनक आपल्या जागी कायम राहतो आणि कितीही उपवर्ग झाले, तरी प्रत्येकाला सर्व काही मिळते. जीवविज्ञानातील आनुवंशिकतेत अपत्य जन्मल्यानंतर जनकात होणाऱ्या बदलांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. येथे मात्र जनक वर्गाच्या संहितेत आज केलेला बदल पूर्वीच लिहून झालेल्या सर्व उपवर्गांत आपोआप उतरतो. वारशाचे सामर्थ्य या वैशिष्ट्यात आहे आणि त्याचा मोठा धोकाही यातच आहे.

तर्कशास्त्रातील जाति-उपजाति-वर्गीकरण ही या नात्याला अधिक जवळची कल्पना आहे. ‘प्राणी’, ‘सस्तन प्राणी’, ‘देवमासा’ अशा उतरंडीत खाली जावे तसतशी लक्षणे वाढत जातात व त्या लक्षणांत बसणाऱ्यांची संख्या घटत जाते. उपवर्गही असाच गुणांनी जनकापेक्षा मोठा आणि व्याप्तीने लहान असतो. प्रत्येक बचत खाते हे खाते असते. प्रत्येक खाते हे बचत खाते असतेच असे नाही.

यंत्रणा : समजा, ‘खाते’ या वर्गात खातेदार व शिल्लक अशा माहितीच्या दोन बाबी आणि ‘भरणा’, ‘रक्कम काढणे’ व ‘महिनाअखेरीचा हिशोब’ अशा तीन कृती आहेत. त्याचे ‘बचत खाते’ व ‘चालू खाते’ असे दोन उपवर्ग लिहावयाचे आहेत. अशा वेळी उपवर्गाला तीन गोष्टी करता येतात. जनकाची कृती तो जशीच्या तशी ठेवू शकतो. भरणा करण्याची रीत दोन्ही खात्यांत तीच राहते. तो नवी भर घालू शकतो. बचत खात्यात व्याजदर ही माहिती व ‘व्याजदर बदलणे’ ही कृती नव्याने येते. तिसरे म्हणजे, जनकाची एखादी कृती त्याच नावाने पण निराळ्या तपशिलाने तो पुन्हा लिहू शकतो. यास अधिलेखन म्हणतात. महिनाअखेरीस बचत खात्यात व्याजाचा विचार होतो, तर चालू खात्यात सेवाशुल्काचा. कृतीचे नाव एकच असले, तरी तपशील भिन्न असतो.

अधिलेखनाचे महत्त्व पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बँकेच्या सर्व खात्यांच्या यादीतून एकेक खाते घेऊन त्याला ‘महिनाअखेरीचा हिशोब कर’ असा संदेश देणारी एक छोटी आज्ञावली आहे. समोर आलेले खाते कोणत्या प्रकारचे आहे, याची विचारपूस ती करीत नाही. संदेश एकच असतो. प्रत्येक खाते आपापल्या वर्गाच्या रीतीने तो पाळते. या गुणधर्मास बहुरूपता असे नाव आहे. पुढे बँकेने विद्यार्थ्यांसाठी नव्या प्रकारचे खाते सुरू केले, तर त्या खात्याचा उपवर्ग तेवढा लिहावा लागतो. महिनाअखेरीची जुनी आज्ञावली उघडावीही लागत नाही. नव्या आज्ञावलीने जुन्या आज्ञावलीकडून काम करून घेणे ही गोष्ट संगणकाच्या आरंभकाळापासून रूढ होती. आधी लिहिलेल्या आज्ञावलीने नंतर लिहिलेल्या आज्ञावलीकडून, तिची ओळखही नसताना, काम करून घेणे ही गोष्ट वारसा व बहुरूपता यांच्यामुळे सुलभ झाली.

संगणकात हे कसे साधले जाते, ते पाहणे उद्बोधक आहे. ‘सी प्लस प्लस’ सारख्या भाषांत सामान्यतः प्रत्येक वर्गासाठी एक कोष्टक तयार केले जाते व कोणत्या कृतीच्या सूचना संगणकाच्या स्मृतीत कोठे आहेत, ते त्याच्या घरांत क्रमाने लिहिलेले असते. ‘खाते’ वर्गाच्या कोष्टकात पहिल्या घरात भरणा, दुसऱ्यात रक्कम काढणे व तिसऱ्यात महिनाअखेरीचा हिशोब यांचे पत्ते आहेत असे समजू. ‘बचत खाते’ या उपवर्गाच्या कोष्टकात पहिल्या दोन घरांत जनकाचेच पत्ते उतरवले जातात, तिसऱ्या घरात जनकाचा पत्ता खोडून उपवर्गाच्या स्वतःच्या कृतीचा पत्ता लिहिला जातो आणि ‘व्याजदर बदलणे’ या नव्या कृतीसाठी शेवटी चौथे घर जोडले जाते. प्रत्येक वस्तू आपल्या वर्गाचे कोष्टक कोठे आहे, याची खूण जवळ बाळगते. त्यामुळे संदेश देणाऱ्याला ‘तिसऱ्या घरातील पत्त्यावर जा’ एवढेच सांगावे लागते. तेथे काय सापडेल ते वस्तूच्या वर्गावर अवलंबून असते. ‘स्मॉलटॉक’, ‘पायथन’ इ. भाषांत कृतीचे नाव प्रथम वस्तूच्या वर्गात व तेथे न सापडल्यास जनकात, मग जनकाच्या जनकात असे वर वर शोधत नेतात.

या यंत्रणेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. उपवर्गाला कोष्टकातील घराचा मजकूर बदलता येतो, शेवटी नवी घरे जोडता येतात; पण जनकाने घातलेले घर काढून टाकता येत नाही. कारण जनकाला उद्देशून लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या ते घर तेथे आहे असे गृहीत धरून चालतात. जनकाची एखादी कृती उपवर्गाला नकोशी असली, तरी तिच्या घरात त्याला काहीतरी लिहावेच लागते. पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

इतिहास : वारशाच्या कल्पनेचा उगम नॉर्वेमध्ये झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्यूटिंग सेंटर या संस्थेत ओले-योहान दाल (१९३१–२००२) व क्रिस्टन नीगोर (१९२६–२००२) हे दोघे सदृशीकरणासाठी, म्हणजे प्रत्यक्षातील व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर चालवून त्यांचा अभ्यास करण्यासाठी, ‘सिम्युला’ ही भाषा विकसित करीत होते. त्यांच्यापुढे असलेल्या उदाहरणांपैकी एक पुलावरील पथकर नाक्याचे होते. नाक्यासमोरील रांगेत मालमोटारी व बसगाड्या अशी दोन्ही प्रकारची वाहने उभी असत. दोहोंचे वर्तन निराळे. परंतु रांगेत उभे राहणे, पुढे सरकणे, रांगेतून बाहेर पडणे हा भाग दोहोंत समान. हा समान भाग दर वेळी पुन्हा न लिहिता एकदाच लिहावा आणि रांगेतील ‘दुव्या’ला मालमोटारीचे अथवा बसगाडीचे वर्णन चिकटवून दोहोंची मिळून एकच वस्तू बनवावी, अशी कल्पना त्यांना सुचली. इंग्रज संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी नोंदींच्या उपवर्गांविषयी नुकतेच मांडलेले विचार त्यांना या कामी साहाय्यभूत ठरले. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळील लीसेबू येथे भरलेल्या परिषदेत वर्ग व उपवर्ग यांवरील निबंध त्यांनी सादर केला. ‘सिम्युला ६७’ या भाषेत ही सोय आली. मात्र तीस तेथे ‘उपसर्ग लावणे’ अशा अर्थाची संज्ञा होती, कारण उपवर्गाच्या आधी जनकाचे नाव उपसर्गासारखे लिहिले जाई. या कार्यासाठी दोघांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले.

अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स व त्यांचे सहकारी यांनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडविली. तिच्या १९७२ च्या पहिल्या रूपात वारसा नव्हता. १९७६ च्या रूपात तो समाविष्ट करण्यात आला. पडद्यावरील खिडक्या, यादी, चित्रे यांसारख्या अनेक समान घटकांची एकत्र रचना करण्यास वारसा किती सोयीचा आहे, हे ‘स्मॉलटॉक’ने दाखवून दिले. डेन्मार्कचे बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिज येथे संशोधन करताना ‘सिम्युला’ वापरली होती. तिच्या रचनेतील सुस्पष्टता त्यांना आवडली. पण तिची गती फार मंद वाटली. म्हणून १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी ‘सी’ या वेगवान भाषेला वर्गांची जोड देण्यास आरंभ केला. त्यातून निर्माण झालेली ‘सी प्लस प्लस’ ही भाषा १९८५ मध्ये बाजारात आली. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ‘जावा’ ही भाषा प्रसिद्ध केली. ‘जावा’तील सर्व वर्ग अंतिमतः एकाच मूळ वर्गापासून निघतात, त्यामुळे वारसा हा या भाषेतील प्रत्येक आज्ञावलीचा अपरिहार्य भाग झाला.

हमीचा वारसा : १९८० नंतरच्या दशकात वस्तुलक्षी पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला. नेमक्या याच काळात वारशाचा वापर लेखनाच्या काटकसरीसाठी करावा की वर्गीकरणासाठी, हा प्रश्न पुढे आला. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये एका परिषदेतील बीजभाषणात यासंबंधीची कसोटी मांडली व १९९४ मध्ये जनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात तीस काटेकोर रूप दिले. तिचा आशय असा की, जनक वर्गाची वस्तू अपेक्षून लिहिलेल्या आज्ञावलीत तिच्याऐवजी उपवर्गाची वस्तू ठेवली, तरी ती आज्ञावली ज्या गुणधर्मांवर विसंबून होती ते सर्व अबाधित राहिले पाहिजेत. यास प्रतिस्थापनेचे तत्त्व म्हणतात. लिस्कॉव्ह यांना २००८ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

या तत्त्वाचा भंग कसा होतो, ते बँकेच्याच उदाहरणावरून पाहता येईल. समजा, ‘मुदत ठेव’ हाही ‘खाते’ या वर्गाचा उपवर्ग केला. खातेदार, शिल्लक, महिनाअखेरीचा हिशोब हे सर्व तिला आयते मिळाले आणि लेखनाची बचत झाली. परंतु मुदतीपूर्वी रक्कम द्यावयाची नाही असा या ठेवीचा नियम असल्यास ‘रक्कम काढणे’ या घरात आज्ञावलीकाराने ‘नकार’ असे लिहिले. आता कर्जाचा हप्ता वसूल करणारी एक जुनी आज्ञावली आहे. ती ग्राहकाच्या खात्यातील शिल्लक पाहते, शिल्लक हप्त्यापेक्षा अधिक असल्यास कर्जखात्यावर हप्ता जमा झाल्याची नोंद करते व नंतर ग्राहकाच्या खात्यातून तेवढी रक्कम काढते. पुरेशी शिल्लक असेल तर रक्कम निघतेच, ही ‘खाते’ या वर्गाची हमी तिने गृहीत धरलेली आहे. तिच्या हाती ५०,००० रुपयांची मुदत ठेव आली व हप्ता २,००० रुपयांचा असला, तर तपासणी पार पडते, हप्ता जमा दिसतो आणि रक्कम मात्र निघत नाही. जमा व नावे यांचा मेळ बसत नाही. दोन्ही आज्ञावल्या स्वतंत्रपणे तपासल्या, तर प्रत्येकीत लिहिलेले बरोबरच वाटते. चूक कोणत्याही एका ओळीत नसून ‘मुदत ठेव हे खाते आहे’ या विधानात आहे.

अशी चूक व्यवहारातील भाषेमुळे सहज घडते. गणितात प्रत्येक चौरस हा आयत असतो, यात शंका नाही. परंतु ‘आयत’ या वर्गात लांबी व रुंदी स्वतंत्रपणे बदलण्याच्या कृती असतील, तर ‘चौरस’ हा त्याचा उपवर्ग होऊ शकत नाही. लांबी ५ व नंतर रुंदी ४ केल्यावर क्षेत्रफळ २० येईल, असे आयतासाठी लिहिलेली आज्ञावली मानते. चौरसाला आपल्या बाजू समान राखावयाच्या असल्याने तो १६ असे उत्तर देतो. एकदा बनवलेल्या आकृतीच्या बाजू बदलण्याची सोयच ठेवली नाही, तर हा विरोध नाहीसा होतो. म्हणजेच उपवर्गाची पात्रता वस्तूंच्या नावांवरून ठरत नाही; जनकाने कोणत्या कृतींची हमी दिली आहे, यावरून ठरते.

प्रतिष्ठित भाषाही या चुकीपासून मुक्त नाहीत. ‘जावा’च्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून तिच्या प्रमाणभूत संग्रहात ‘स्टॅक’, म्हणजे चवड, हा वर्ग आहे. ताटांच्या चवडीप्रमाणे जे शेवटी ठेवले तेच प्रथम उचलावयाचे, हा चवडीचा नियम. परंतु हा वर्ग ‘व्हेक्टर’ या क्रमवार यादीच्या वर्गाचा उपवर्ग केला गेला आणि यादीत तर कोणत्याही क्रमांकावर घटक घालता येतो. परिणामी ‘जावा’च्या चवडीत मधेच घटक सरकवता येतो व तिचे चवडपण टिकत नाही. नव्या कामासाठी निराळी रचना वापरावी, अशी शिफारस त्या भाषेच्या अधिकृत माहितीपत्रकात केलेली आहे. पण लिहून झालेल्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून ते जुने नाते आजही तसेच ठेवावे लागले आहे.

फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मेयर यांनी १९८५ च्या सुमारास ‘आयफेल’ ही भाषा निर्माण करताना अशा हमी करारासारख्या लिहून ठेवण्याची सोय केली. प्रत्येक कृतीच्या आरंभी मागणाऱ्याने कोणती अट पुरी करावयाची व शेवटी देणाऱ्याने काय पुरे करावयाचे, हे तीत नोंदवता येते. उपवर्गाने मागणी वाढवू नये, देणे कमी करू नये आणि जनकाबाबत सदैव सत्य असलेल्या अटी मोडू नयेत, असे या दृष्टीचे सार सांगता येईल. करार लिहिल्याने लपलेले विरोध उघड होतात. चालू खात्यात शिलकेपेक्षा अधिक रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत उचलू दिली जाते. ‘खाते’ या वर्गाने केवळ ‘पुरेशी शिल्लक असल्यास रक्कम मिळेल’ एवढीच हमी दिली असेल, तर चालू खाते तिचे पालन करते. ‘शिल्लक शून्याखाली कधीही जाणार नाही’ अशीही हमी दिलेली असेल, तर तेच चालू खाते हमीचा भंग करते.

ठिसूळ जनक वर्ग : जनकातील बदल सर्व उपवर्गांत आपोआप उतरतो, या वैशिष्ट्याची दुसरी बाजू अशी की, जनकाच्या अंतर्गत तपशिलावर उपवर्ग नकळत अवलंबून राहतात. समजा, ‘खाते’ या वर्गात एका धनादेशाचा भरणा करण्याची व धनादेशांच्या गठ्ठ्याचा एकदम भरणा करण्याची अशा दोन कृती आहेत. एका उपवर्गाने भरलेल्या धनादेशांची संख्या मोजण्यासाठी दोन्ही कृतींचे अधिलेखन केले. जनकातील गठ्ठ्याची कृती जर आतून प्रत्येक धनादेशासाठी पहिल्याच कृतीला संदेश देत असेल, तर तीन धनादेशांचा गठ्ठा भरल्यावर संख्या सहा येते : तीन गठ्ठ्याच्या वेळी व पुन्हा एकेक करून तीन. जनक आतून काय करतो हे पाहून उपवर्गाने आपली मोजणी सुधारली, तरी उद्या जनकाच्या लेखकाने तो तपशील बदलताच मोजणी पुन्हा चुकते. जनकाचा लेखक आपल्या वर्गात निर्दोष सुधारणा करतो आणि त्याला ठाऊकही नसलेले दूरचे उपवर्ग बिघडतात. माहिती वस्तूच्या आत झाकून ठेवणे हे वस्तुलक्षी पद्धतीचे आद्य तत्त्व असून वारशामुळे त्याला बाध येतो, हे १९८६ मध्ये ॲलन स्नायडर यांनी दाखवून दिले होते.

अनेक जनकांचा वारसा : एका वर्गाला एकाहून अधिक जनक असू द्यावेत काय, हा वादाचा विषय ठरला आहे. ‘व्यक्ती’ या वर्गाचे ‘विद्यार्थी’ व ‘अध्यापक’ असे दोन उपवर्ग आहेत. शिकता शिकता शिकवणाऱ्या संशोधकासाठी या दोहोंचा मिळून एक उपवर्ग केला, तर ‘व्यक्ती’कडून येणारे नाव त्याच्याकडे दोन वाटांनी येते. ते एकच मानावे की दोन, व दोन्ही जनकांनी एकाच नावाची कृती वेगवेगळी लिहिली असल्यास कोणती घ्यावी, हे ठरवावे लागते. नात्याची आकृती चौकटच्या आकाराची होत असल्याने यास चौकटीची समस्या म्हणतात. ‘सी प्लस प्लस’मध्ये १९८९ पासून अनेक जनकांची मुभा आहे, सामाईक पूर्वजाची एकच प्रत हवी असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे लागते. ‘पायथन’मध्ये सर्व पूर्वजांची ठरावीक नियमाने एक रांग लावली जाते व तिच्या क्रमाने शोध घेतला जातो, हा नियम २००३ पासून लागू आहे. ‘जावा’ने वर्गाला एकच जनक ठेवला, मात्र ‘इंटरफेस’ कितीही स्वीकारता येतात. इंटरफेस म्हणजे कोणत्या कृती करता येतील याची यादी. त्या कशा करावयाच्या याचा तपशील तीत मूळतः नसे. २०१४ पासून असा तपशील काही प्रमाणात देण्याची सवलत मिळाली. हमीचा वारसा व संहितेचा वारसा या दोन गोष्टी भिन्न असून त्या वेगळ्या करता येतात, हे ‘जावा’च्या या व्यवस्थेवरून स्पष्ट होते.

पर्याय व सद्यःस्थिती : वारशाला मुख्य पर्याय संयोजनाचा आहे. ‘अमुक हे तमुक आहे’ व ‘अमुकापाशी तमुक आहे’ ही दोन भिन्न नाती होत. मोटारगाडीला एंजिनाची शक्ती हवी असते. म्हणून मोटारगाडी हा एंजिनाचा उपवर्ग होत नाही. तिच्यात एंजिन बसवलेले असते आणि त्यातील हव्या तेवढ्याच कृती ती बाहेरच्यांना उपलब्ध करून देते. संयोजनात नकोशी कृती स्वीकारण्याची सक्ती नसते. वस्तुलक्षी रचनेच्या नमुन्यांवरील एरिक गॅमा व इतर तीन लेखकांच्या १९९४ मधील सुप्रसिद्ध ग्रंथात वर्ग-वारशापेक्षा संयोजनाला प्राधान्य द्यावे, असा सल्ला दिलेला आहे. ‘सेल्फ’ या भाषेत व पुढे १९९५ मध्ये आलेल्या ‘जावास्क्रिप्ट’मध्ये वर्गाऐवजी एका वस्तूने दुसऱ्या वस्तूला आदर्श मानून तिच्याकडून गुण घेण्याची रीत स्वीकारली गेली.

अलीकडच्या काही भाषांनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ या भाषेत आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या ‘रस्ट’ या भाषेत वर्ग-वारसा मुळीच नाही. हमी व संयोजन यांवर त्या काम भागवतात. ‘कॉटलिन’मध्ये वर्गाच्या लेखकाने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय त्याचा उपवर्ग करता येत नाही. ‘जावा’मध्ये २०२१ पासून आपले उपवर्ग कोणते, हे जनकाला आधीच ठरवून टाकता येते. असे असले, तरी वारसा कालबाह्य झालेला नाही. पडद्यावरील खिडक्या व बटणे, अँड्रॉइड दूरध्वनींवरील आज्ञावल्यांचे पडदे, त्रुटींचे प्रकार अशा ठिकाणी, जेथे जातींची उतरंड खरोखर स्थिर असते, तेथे त्याचा उपयोग सर्वत्र होतो.

मुदत ठेवीच्या उदाहरणातील दोषही वारसा टाकून न देता दूर करता येतो. ‘खाते’ या जनकात सर्व खात्यांना खरोखर समान असलेल्या गोष्टी, म्हणजे खातेदार, शिल्लक व महिनाअखेरीचा हिशोब, एवढ्याच ठेवाव्यात. भरणा व रक्कम काढणे या कृती ‘मागणी ठेव’ या मधल्या उपवर्गात न्याव्यात व बचत आणि चालू ही खाती त्याच्याखाली घ्यावीत. ‘मुदत ठेव’ थेट ‘खाते’ या वर्गाखाली राहील. हप्ता वसूल करणाऱ्या आज्ञावलीने आपल्याला ‘मागणी ठेव’ हवी असे नमूद केले, की तिला चुकून मुदत ठेव दिल्यास ‘जावा’ अथवा ‘सी प्लस प्लस’ यांसारख्या भाषांतील अनुवादक, म्हणजे कंपायलर, आज्ञावली चालण्यापूर्वीच ती नाकारतो. मागणी ठेव व मुदत ठेव हा भेद बँकांच्या परिभाषेत संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. वर्गांची पहिली मांडणी करताना तो विचारात घेतला गेला नव्हता, एवढेच. म्हणून उपवर्ग लिहिण्यापूर्वी त्यात जनकाचे किती लेखन वाचते हे पाहण्याऐवजी, जनकाच्या जागी तो उभा राहिला असता जनकावर विसंबलेल्या कोणाचीही फसगत होणार नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते.